नावानिशी

साल एकोणीसशे अडुसष्ट. पैशाला लोक बोलताना काय काय म्हणतात, त्या शब्दांचा कोश छापायला निघाला होता. दमडी, कवडी, ढब्बू, चिरीमिरी. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, तो कशावरून आला, आणि कोणाच्या तोंडून कधी ऐकला, ते नावानिशी. नाव नसलेली शब्दाची चिठ्ठी संपादक परत करत. ही त्यांची खोड छापखान्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती.

फंडाच्या कचेरीतले हेडक्लार्क हातात मुद्रिताचं पान घेऊन आत आले. छापखान्यात त्यांचा मेहुणा खिळे जुळवायचा.

"हे काय छापताय?"

संपादकांनी चष्मा चढवून वाचलं. "फडकं. कागद पुढे सरकवण्यासाठी मागितलेली रक्कम. 'फायलीवर धूळ बसलीय, पुसायला फडकं लागेल', या बोलण्यावरून. पुढे तुमचं नाव, कचेरी, तारीख. काही चुकलंय का?"

"माझी मुलगी लग्नाची आहे हो. उद्या हे व्याह्यांच्या हाती पडलं तर?"

"कोश कोण विकत घेतं? निश्चिंत राहा."

हेडक्लार्क खिडकीशी बसलेल्या टायपिस्टबाईंकडे वळले. "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. बाईमाणसाला कळतं."

फडक्याची चिठ्ठी त्याच ताईंची होती. नवरा गेल्यावर त्याच्या फंडासाठी त्यांनी याच माणसाच्या टेबलापुढे अकरा खेपा घातल्या होत्या आणि शेवटी शिलाई मशीन विकून फडकं दिलं होतं. हेडक्लार्कांनी त्यांना ओळखलं नव्हतं.

"नाव बदलता येतं की," बाई म्हणाल्या. "तुमच्या आधी कोणी हा शब्द वापरला असेल, तर पहिला मान त्यांचा. तसा नियमच आहे. नाही का हो, सर?"

संपादकांनी मान डोलावली.

हेडक्लार्कांचा जीव भांड्यात पडला. "मग प्रश्नच मिटला. शब्द माझा नाहीच मुळी. मोठ्या साहेबांचा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवला. पैसेही निम्म्याहून जास्त त्यांच्याकडेच जातात. मी काय, नुसता हमाल."

बाईंनी मशीनमध्ये कोरी चिठ्ठी चढवली. "साहेबांचं पूर्ण नाव?"

त्यांनी सांगितलं. हुद्दाही सांगितला. बाई बोललेलं सगळं टाइप करत गेल्या, हमालासकट. मग चिठ्ठी आणि पेन पुढे केलं.

"इथे सही. सांगणाऱ्याची लागते."

सही करून हेडक्लार्कांनी पेन परत दिलं, आणि तेव्हा कुठे त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"आपण कुठे भेटलोय का?"

"अकरा वेळा," बाई म्हणाल्या.

कोश दोन्ही नावांनिशी निघाला. मोठ्या साहेबांनी दिसेल तिथून त्याच्या प्रती विकत घेतल्या, त्यामुळे वर्षाच्या आत दुसरी आवृत्ती काढावी लागली. पुढे चौकशी लागली आणि ते मुदतीआधी घरी बसले. हेडक्लार्कांची त्यांनी जाता जाता लांब बदली केली. मुलीच्या लग्नाला त्यांना रजा मिळाली ती दोन दिवसांची. संपादक टेबलावरच गेले, हातात मुद्रित होतं. तिसरी आवृत्ती टायपिस्टबाईंनी काढली, आणि प्रस्तावनेत साहेबांचे आणि हेडक्लार्कांचेही आभार मानले, हुद्द्यांसकट.