आधी पाणी

पहाटे सासूबाई गेल्या. मंदाने त्यांच्या अंगावर चादर ओढली, दाराला कडी घातली आणि हंडा घेऊन नळाची रांग गाठली. पालिकेचं पाणी फक्त सोमवारी यायचं. बातमी फुटली असती तर सुतकातल्या घराचा हंडा रांगेत कुणी ठेवू दिला नसता. मग शेवटची अंघोळ कशाने घालायची?

"म्हातारी कशी हाय गं?" मागून हौसाबाईंनी विचारलं.

"झोपल्यात," म्हणत तिने हंडा पुढे सरकवला.

तिचा नंबर आला आणि नळातून काळं, गटाराच्या वासाचं पाणी पडू लागलं. ड्रेनेजची लाइन पुन्हा फुटली होती. मंदा तिथेच मटकन बसली आणि धाय मोकलून रडू लागली.

हौसाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "उगी, उगी. पाण्यासाठी कुणी एवढं रडतं व्हय? पुढच्या सोमवारी यील की चांगलं."