पालकाची जुडी

म्हाताऱ्या शिंप्याचा लाडका कोंबडा खाऊन खाऊन इतका सुस्तावला होता, की महिनाभर त्याने बांगच दिली नव्हती. "दाणे कमी करा आणि त्याला जरा पळवा," असं जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं आणि शिंप्याने कंबर कसली. रोज सकाळी तो पालकाची जुडी दोऱ्याला बांधून अंगणातल्या तारेवर टांगायचा, चोचीपासून वीतभर उंच. एका पानासाठी कोंबड्याला दहा उड्या माराव्या लागत. दर दोन दिवसांनी शिंपी दोरा बोटभर आखूड करायचा.

समोरचा न्हावी कुंपणावरून हसला. "अहो, गप्प बसलाय तर बसू द्या की! आयती झोप मिळतेय सगळ्यांना."

"वय झालं की हातपाय हलते ठेवावेत."

"कुणाचं वय? त्याचं की तुमचं?"

शिंप्याने दोऱ्याची गाठ आवळली.

एकविसाव्या दिवशी उजाडता उजाडता कोंबड्याने मान ताणली आणि अशी बांग ठोकली, की पत्रा दणाणला. शिंपी खाटेवर उठून बसला आणि श्वास रोखून त्याने भिंतीला कान लावला. पलीकडे मुलाचं बिऱ्हाड होतं. वाटणी झाल्यापासून त्या घरातून एकच वाक्य इकडे यायचं, आणि कोंबडा गप्प झाल्यापासून तेही आलं नव्हतं.

खिडकी धाडकन उघडली.

"आप्पा, आवरा तुमच्या त्या मेल्या कोंबड्याला!" सून ओरडली.

"हो गं पोरी," शिंपी खुशीत म्हणाला आणि अंगणात जाऊन त्याने जुडी आणखी बोटभर वर बांधली.