चाळीस गुडघे

"पुन्हा तेच चाळीस, सर?" डॉ. आम्रपालीनं विचारलं.

"तेच. क्रम बदललाय, नावं झाकलीत," डॉ. मोहनराव म्हणाले. "मागच्या आठवड्यातले आकडे बघायचे न्हाईत."

परळीच्या त्या एमआरआय सेंटरमध्ये तिला रुजू होऊन तीनच महिने झाले होते. मोहनराव तिथले मालक. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवण्याआधी आसपासचे सर्जन त्यांचा रिपोर्ट बघत.

काम दिसायला सोपं होतं. गुडघ्याच्या हाडावर कूर्चेची गादी असते. पडद्यावर तिची कड माउसनं आखायची. जाडी संगणक सांगतो. यालाच ते वाचन म्हणत. पण कड धूसर असते. हात जरासा सरकला की दोन मिलीमीटरच्या गादीत पाव मिलीमीटरचा फरक पडतो.

हे सगळं सुरू झालं सिरसाळ्याच्या केसरबाईंमुळं. अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांची उभी हयात गेली होती. वर्षभराच्या अंतरानं काढलेल्या दोन एमआरआयमध्ये त्यांची गादी जवळपास तिसऱ्या हिश्शानं झिजल्याचं निघालं. पहिला मोहनरावांनी वाचला होता, दुसरा आम्रपालीनं. सर्जननं गुडघा बदलायची तारीख दिली. केसरबाई रिपोर्ट घेऊन थेट सेंटरवर आल्या.

"सायेब, दुखतंय ते पहिल्याइतकंच दुखतंय. मग कागदावरच कावून झिजलं?"

मोहनराव हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी बाईंच्या गुडघ्याचा दोनदा एमआरआय काढला. मध्ये त्यांना उठवून व्हरांड्यात चार फेऱ्या मारायला लावल्या. मग जुन्या रुग्णांच्या प्रतिमा काढल्या, त्यात बाईंच्या मिसळल्या आणि आम्रपालीला मोजायला दिल्या. आपल्या केबिनमध्ये तेही मोजत बसले. आपलं काम पडताळायला, असं तिला वाटलं.

सोमवारी दाराबाहेर तिच्या कानावर त्यांचं फोनवरचं बोलणं पडलं. "हाताचा भरवसा न्हाई असं निघालं, तर वाचन बंद करावंच लागंल. रुग्णाच्या पायाचा सवाल हाय."

पहिल्या फेरीचे आकडे तिच्या वहीत होते. नुसती नजर फिरवली असती तरी दुसरी फेरी बिनचूक जुळली असती.

घरी गेल्यावर तिनं वही आईच्या हातात दिली. "कपाटात ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

"मागून तर बघ," सिंधुबाई म्हणाल्या आणि चावी पदराला बांधली.

चार दिवस ती मोजत राहिली. काही कडा तिनं पुसून पुन्हा आखल्या. शुक्रवारी दुपारी मोहनरावांनी तिला आत बोलावलं. समोर केसरबाई बसल्या होत्या.

"बाई, सर्जनशी बोललोय. ऑपरेशन रद्द. तुमची गादी गेल्या साली होती तेवढीच हाय."

"म्हंजी मशीन चुकलं व्हय?"

"मशीन बरोबर हाय. वाचणाऱ्यानं चूक केली."

केसरबाईंनी आम्रपालीकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती. "जाऊ द्या सायेब, माणूसच हाय. पाय वाचला माझा!" म्हणत, पिशवी सावरत त्या आनंदानं बाहेर पडल्या.

मोहनरावांनी टेबलावर कागद सरकवला. आकड्यांच्या चार रांगा होत्या, दोघांच्या दोन-दोन फेऱ्यांच्या. दोन एकमेकींशी जवळजवळ तंतोतंत जुळत होत्या. उरलेल्या दोन रांगांचा कुठंच मेळ नव्हता. वरची नावं घडीखाली गेली होती. घडी उलगडायला तिचा हात पुढं होईना.

"सर, मला अजून एक संधी..."

"तुला कशाला?" मोहनराव म्हणाले. त्यांचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत होता. त्यांनी स्वतःच घडी उलगडली. "उद्यापासून सगळे गुडघे तू वाचायचेस. मी वाचायचं सोडलं."