पेन्सिलीचे आकडे

अर्ज भरून अडीच महिने झाले, तरी विद्यापीठाच्या पोर्टलवर रोज तेच: ‘छाननी सुरू आहे.’ बघून बघून जीव विटला होता. बाबांचे हात थरथरायला लागल्यापासून दुकानातली शिलाई माझ्याच अंगावर होती. आज शेवटी ‘अर्ज मागे घ्या’ दाबलं. ओटीपी गेला बाबांच्या मोबाइलवर. फॉर्मवर नंबर त्यांचाच होता. “काही नाही बाबा, अर्ज कुठवर आलाय ते बघतेय. आकडे सांगा.” त्यांनी अख्खा मेसेज वाचला, मग सावकाश आकडे सांगितले. चुकले. पुन्हा मागवले, पुन्हा चुकले. तिसऱ्यांदा पोर्टलच वैतागलं: ‘उद्या प्रयत्न करा.’ “बाबा, नीट बघा ना!” “डोळे दगा देतायत गं,” म्हणत त्यांनी मोबाइल खिशात टाकला. मी कात्री उचलली. मापांची वही उघडून त्यांनी पेन्सिलीचे पुसट आकडे चष्म्याशिवाय घडाघडा वाचले: “छाती साडेअडतीस, बाही सव्वातेवीस.”