चिंचेचा गोळा

वत्सलाबाईंच्या हातातली काचेची नळी कोरडी ठणठणीत होती. तोंडात येईल ती लाळ पाच मिनिटं तिच्यात सोडायची होती, पण थेंब पडेल तर शपथ. "तोंड किती कोरडं वाटतं? शून्य ते दहात सांगा," असं डॉक्टरीणबाईंनी विचारल्यावर त्यांनी आधीच "बारा" सांगून टाकलं होतं.

"सगळं वाढवून सांगायची खोडच आहे हिला," शेजारी बसलेले त्र्यंबकराव म्हणाले. "दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. कोरडं नाही पडणार तर काय होईल?"

वत्सलाबाईंना ते लागलं. वर्षभर त्या प्रत्येक घास पाण्याबरोबर गिळत होत्या आणि नवरा हसत होता. आज तरी त्याला पटायला हवं होतं.

"आजी, आता एखादा आंबट पदार्थ आठवा," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आठवायचं म्हणजे वत्सलाबाईंच्या लेखी सांगायचंच. "आमच्या शाळेमागे चिंच होती. गाभुळलेल्या चिंचा पाडायच्या, मीठ, तिखट, गूळ घालून दगडावर ठेचायच्या. गोळा खराट्याच्या काडीला लावून चोखत बसायचं. जीभ सोलवटली तरी सोडायचा नाही!"

डॉक्टरीणबाईंनी आवंढा गिळला. त्र्यंबकरावांनी तर रुमाल काढून ओठ पुसले. नळी मात्र तशीच कोरडी.

त्र्यंबकराव नळीकडे बघतच राहिले. मग त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि बायकोपुढे धरली.

"बाराच लिहा, डॉक्टर," ते म्हणाले. "आणि तू आधी घोटभर पी. मग सांग, झाडावर कोण चढायचं?"