यादीतलं बत्तिसावं नाव

"अकराला तपासनीस येतायत. त्याआधी डेटाबेसला जोडलेलं ते पत्ते शोधायचं एक्सटेन्शन काढून टाका. कुणी वापरत नाही," वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक दारातूनच म्हणाले.

डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंची एक सवय होती. बाहेरून आणून जोडलेलं काहीही काढायचं झालं, की आधी त्याच्या मालकीचं काय काय आहे याची यादी काढायची. कारण ते गेलं की यादीतलं सगळं त्याच्याबरोबर जातं.

एकतीस नावं पत्त्यांच्या कामाचीच होती. बत्तिसावं होतं ‘तक्रारी’ नावाचं टेबल, म्हणजे नोंदींचा तक्ता.

बाईंनी ते उघडलं. पहिलीच नोंद कुणाच्या तरी मुलीची: ‘आईची कूस कुणी बदलत नाही. पाठीला जखमा झाल्यात. चौथ्यांदा लिहितेय.’ अशा एकशे सहा. त्यांचा पत्त्यांशी काडीचा संबंध नव्हता. असं टेबल आपोआप तिथे जाऊन बसत नाही. कुणीतरी मुद्दाम नेऊन एक्सटेन्शनच्या दावणीला बांधावं लागतं. साहेबांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण करवून घेणं त्यांना छान जमायचं.

बाईंना शिसारी आली. जखमांची नाही, या हुशारीची.

"साहेब, यात तक्रारींचं टेबल आहे."

साहेब चष्मा पुसत आत येऊन बसले. "सुक्याबरोबर ओलंही जळतं, बाई. साफसफाईत गेलं म्हणायचं. तुम्ही काढलंत म्हटल्यावर कोण शंका घेणार? एवढ्या वर्षांत तुमच्याकडे कुणी बोट दाखवलंय का?"

बावीस वर्षं जपलेलं नाव हा माणूस घाण पुसायला फडकं म्हणून मागत होता. तेही गोड बोलून. नाही म्हटलं तर उद्या या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल आणि ते यादी काढणार नाही, हेही बाईंना कळत होतं.

त्यांनी दोन ओळी टाइप केल्या. पहिलीने टेबल एक्सटेन्शनपासून सोडवलं. दुसरीने एक्सटेन्शन काढलं. साहेब शेजारी बसून दोन्ही ओळींकडे कौतुकाने बघत होते.

"गेलं?"

"गेलं."

जिन्यावर पावलं वाजली. साहेब उठले, शर्ट सारखा केला आणि हळूच विचारलं, "सगळं ना?"

"त्याचं जेवढं होतं, तेवढंच," बाई म्हणाल्या, आणि तपासनिसांसाठी आपल्या शेजारची खुर्ची पुढे ओढली.