कोरड्या खोलीतली होडी

संग्रहालयातल्या त्या होडीची देखभाल ती सात वर्षं करत होती. एकाच ओंडक्यातून कोरलेली, हजारो वर्षांपूर्वीची होडी. असल्या होड्यांतून माणसं नकाशा नसताना महासागर ओलांडून गेली, असं ती बघायला येणाऱ्यांना सांगायची.

मासेमारीला गेलेल्या नवऱ्याचा ट्रॉलर बेपत्ता होऊन आज नऊ दिवस झाले होते. दुपारी दिराचा फोन आला.

"वहिनी, शोध थांबवलाय त्यांनी."

फोन ठेवला, तर होडीच्या तळाशी पाणी. तिनं ते पुसलं. ते पुन्हा भरलं. ओलं बोट जिभेला लावलं, तर खारट.

"छत तर कोरडं ठणठणीत आहे, ताई," पहारेकरी म्हणाला आणि बादली आणायला गेला.

घाबरण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. चपला काढून ती होडीत बसली.

"त्यांच्याकडे ने मला," ती हुंदके देत म्हणाली.

होडी हलली.

दचकून तिनं उतरायला पाय खाली सोडला. फरशी वीतभर खाली असायला हवी होती. पाय गुडघ्यापर्यंत गार पाण्यात गेला, तरी कशालाच टेकला नाही.

दार समोरच होतं. पण तिथून पहारेकऱ्याची हाक आली ती फार लांबून, वाऱ्यावर विरत विरत.

"ताई, होडी कुठं गेली?"